कोपर बघून ऐकणारी माणसं

कामगाराचा कान ही राष्ट्राची संपत्ती आहे, असं सुरक्षा सप्ताहाच्या समारंभात प्रमुख पाहुण्यांनी सांगितलं. नागापूर एमआयडीसीतल्या त्या कंपनीच्या प्रेस शॉपनं कडाडून टाळ्या वाजवल्या. राधाकृष्ण जरा उशिरा सुरू झाला, कारण शेजारच्या मेहताबचे हात हलल्यावरच भाषण संपल्याचं त्याला कळलं. मेहताबला ते मॅनेजरचे हात बघून कळलं होतं.

राधाकृष्णानं अठ्ठावीस वर्षं प्रेस चालवली. दर तीन सेकंदांना पत्र्यावर एक दणका. कानात घालायची रबरी बुचं फॅक्टरी इन्स्पेक्टर येणार असेल त्या दिवशी मिळत आणि संध्याकाळी परत घेतली जात. शॉपमध्ये कुणी बोलत नसे. सगळे एकमेकांचे ओठ वाचत.

दर मार्चला कान तपासणारी गाडी येई. काचेच्या खोलीत बसायचं, हेडफोन लावायचा, आवाज आला की बटण दाबायचं. नापास झालेल्याची रवानगी पॅकिंगला, आणि पॅकिंगला ओव्हरटाइम नव्हता. काचेपलीकडचा तंत्रज्ञ आवाज सोडताना उजवं कोपर जरासं उचलतो, हा शोध राधाकृष्णाचा. मन मोठं असल्यानं त्यानं ही विद्या सगळ्या शॉपला दिली. चौदा वर्षं प्रेस शॉपचा निकाल शंभर टक्के लागला. त्यांच्या पोरांच्या शाळांनाही हे कधी जमलं नव्हतं.

मे महिन्यात तो निवृत्त होऊन देवळाली प्रवऱ्याला घरी आला आणि घरात कुणाचंच कोपर बघून भागेना.

"कुकरच्या नऊ शिट्ट्या झाल्या," गोजरबाई शेजारणीला सांगायची, "अन् आमचे हे वट्यापाशीच पेपर वाचीत बसल्यात."

लेक अश्विनीचा आवाज बारीक. तो सगळ्यात आधी गेला होता, किती वर्षांपूर्वी ते त्यालाही सांगता येत नव्हतं. तिचे ओठ तेवढे दिसत. कामाच्या आवाजानं कान गेले तर भरपाई मिळते, हे तिनंच शोधून काढलं आणि विमा कार्यालयात अर्ज केला. पैसे आले की दोन्ही कानांना चांगली यंत्रं घ्यायची. राधाकृष्णाला बाकी काही नको होतं. पोरगी बोलते कशी, ते एकदा ऐकायचं होतं.

सहा महिन्यांनी पत्र आलं. 'निवृत्तीपूर्वीच्या मार्चपर्यंत अर्जदाराची श्रवणशक्ती उत्तम असल्याचे कंपनीच्या चौदा अहवालांवरून दिसते. सबब, सदर दोष निवृत्तीनंतर घरी उद्भवला असून त्याचा नोकरीशी संबंध नाही.'

"म्हंजी मी केलं व्हय यांना बहिरं?" गोजरबाई म्हणाली.

राधाकृष्णानं तिचे ओठ वाचले. "साहेबलोकांचं तसंच म्हननं दिसतंय."

अश्विनी त्याच्या समोर येऊन बसली. "पप्पा, अपिलाला एक महिना आहे. तपासणी कशी व्हायची ते कुणीतरी लिहून दिलं पाहिजे. अजून नोकरीत असलेल्यानं."

दुसऱ्या दिवशी तो एसटीनं नगरला आणि तिथून नागापूरला गेला. पाळी सुटल्यावर मेहताब गेटसमोरच्या टपरीवर भेटला. दोघं समोरासमोर बसून नुसते ओठ हलवत बोलू लागले. टपरीवाल्याला वाटलं, भांडण आहे आणि दोघं लाजेखातर दबून भांडतायत.

"लिहून दिलं तर मला काचंत बसवतील, राधूभाऊ."

"मग कोपर बघा."

"कोपर बघून पास झालो, तर लिहून दिलेलं खोटं पडंल. अन् न्हाई बघितलं तर पॅकिंगला. तीन वर्सं राह्यलीत माझी. शिकवलं बी तुमीच."

"शिकवलं. आता ते परत घ्याया आलोय."

मेहताबनं चहा संपवला. "अफ्रीनच्या लग्नाची बोलणी चाललीत. बाप बहिरा हाय म्हनून सांगायचं न्हाई, असं घरात ठरलंय. पाव्हणे आले की तिची आई सुमैरा माझ्या समोर बसती. तिनं मान हलवली की मी हो म्हनायचं. परवा ती माशी हाकलत हुती."

"मग?"

"मोटारसायकल द्यायची कबूल झालीय."

राधाकृष्ण हसला नाही. मेहताबही नाही. चहाचे पैसे ठेवत मेहताब म्हणाला, "अश्विनीला सांगा, कागद तयार ठेवायला. त्या पाव्हण्यांना बी मीच सांगतो आता काय ते. घ्यायची तर घेऊ द्या पोरगी, गाडी न्हाई मिळनार."

मेहताबचा जबाब अपिलाला जोडला गेला. तो खोटा ठरवायला कंपनीनं मार्चची वाट न बघता गाडी मागवली आणि सकाळच्या पाळीतल्या सतराही जणांची तपासणी लावली. आदल्या दिवशी प्रेस चालू असताना मेहताबनं ओठांनी निरोप फिरवला. सुपरवायझर मधोमध उभा होता. त्याला अजून ऐकू येत असल्यानं ओठ वाचायची सवय नव्हती.

सकाळी मेहताब काचेच्या खोलीत बसला, हेडफोन लावला आणि डोळे मिटले. तंत्रज्ञाचं कोपर वर गेलं, खाली आलं, परत वर गेलं. बटण काही दाबलं गेलं नाही. त्यानं काचेवर टकटक केलं. तेही फुकट गेलं. दुसरा आला, त्यानंही डोळे मिटले. पाचव्यानंतर तंत्रज्ञाला वाटलं, यंत्र बिघडलं. त्यानं हेडफोन स्वतःच्या कानाला लावला आणि लगेच ओढून काढला.

सतरापैकी सतरा नापास झाले. अश्विनीनं अहवालांच्या प्रती अपिलासोबत दिल्या. कारकुनानं त्या घेतल्या, तारीख पुढच्या दिवाळीनंतरची दिली.

राधाकृष्णानं नागापूरला जाऊन मेहताबचा हात हातात घेतला.

सतराही जणांना आवाजापासून दूर, पॅकिंगला हलवण्याचा आदेश शनिवारी फलकावर लागला. पॅकिंगला सहा जागा होत्या. उरलेले अकरा सोमवारी परत प्रेसवर गेले.