मिरच्यांचा ठसका

माझी धाकटी जाऊ कौमुदी कधी साधी शिंकतसुद्धा नाही, हे सासूबाई मला अकरा वर्षं ऐकवत होत्या. मी बारमाही सर्दीवाली. २००९ साली चेन्नईजवळच्या आवडी नावाच्या गावातल्या आमच्या क्वार्टरमध्ये स्वाइन फ्लू शिरला आणि आम्हा दोघी जावांना एकदमच झाला. मी आठवड्यात उठून पोळ्या लाटायला लागले. कौमुदी आयसीयूत गेली.

डॉक्टरांचं इंग्रजी सासूबाईंना मराठीत सांगायचं काम माझ्याकडे होतं. "तिच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी विषाणूवर फार जोरात तुटून पडल्यात. त्या भरात तिच्याच फुप्फुसांची नासधूस करतायत."

"रक्तसुद्धा लढवय्यं आहे पोरीचं," सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या.

माझ्या तेव्हाही पोटात दुखलं. म्हणजे आजारातही तिचंच रक्त सरस, आणि मी वाचले ती माझं मिळमिळीत म्हणून.

घरी येऊन सासूबाईंनी कौमुदीच्या साडीवरून मीठ-मिरच्या उतरवल्या. "आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची," असं पुटपुटत त्यांनी मिरच्या तापल्या तव्यावर टाकल्या. ठसका लागला नाही तर दृष्ट लागलेली असते, असं आमच्याकडे मानतात. मिरच्या काळ्या पडल्या, धूर छतापर्यंत गेला. कुणालाच ठसका लागेना. दृष्ट कुणाची, म्हणून सासूबाई एकेकाच्या तोंडाकडे बघायला लागल्या.

माझ्याकडे वळायच्या आत मी तोंडाला पदर लावला आणि जोरजोरात खोकले.

"अजून बरी नाहीस गं तू," म्हणत त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. अकरा वर्षांत पहिल्यांदा.