विहीणबाईंचा मुक्काम

वोर्कनेशचा व्हिसा संपत आला आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळेच ते विसरून गेले होते. विसरणारच. लेक मेक्लित दिवस भरायच्या आधीच बाळंत झाली, पोट फाडून बाळ काढावं लागलं. बाळ दवाखान्यात काचेच्या पेटीत आणि लेक घरी तापाने फणफणलेली. अशा वेळी पासपोर्टातली तारीख कोण बघत बसतो?

आठवण झाली ती जावयाला. तिंगबो दूर डोंगरात बोगद्याच्या कामावर होता. पोरगी झाली तेव्हा रजा काढून आला होता, रजा संपली तसा गेला. त्याने सकाळीच फोन केला आणि फोनवरच ओरडायला लागला.

"आई, उद्यापासून राष्ट्रीय दिनाची सुट्टी! आठवडाभर सगळ्या कचेऱ्या बंद. सासूबाईंचा व्हिसा सुट्टीतच संपतोय. आजच्या आज अर्ज गेला पाहिजे!"

त्याची आई, ताओ ग्वेजन, तेव्हा शेगडीपाशी पेज ढवळत होती. तिने गॅस बंद केला. "मग इतके दिवस काय झोपला होतास? बोगदे खणता खणता डोकं पण पोकळ झालं का तुझं?"

एवढं बोलून तिने फोन मेक्लितच्या उशाशी टाकला आणि कपाटातून घराचं नोंदणीपुस्तक, मुलाच्या लग्नाचा दाखला, दवाखान्याचे कागद असं सगळं एका पिशवीत कोंबलं. वोर्कनेश दारात उभी राहून बघत होती. काय चाललंय ते लेकीने सांगितलं तेव्हा ती बॅगेतला पासपोर्ट काढायला धावली.

ती इथिओपियातल्या बहिर दारची. नवरा गेल्यावर शिवणकाम करून तिने एकुलती एक लेक वाढवली. लेक राजधानीत नोकरीला लागली, तिथे रेल्वेच्या कामावर आलेल्या या चिनी पोराशी तिची गाठ पडली आणि लग्न करून ती यांगत्सेच्या काठावर, यिछांगला येऊन राहिली. वोर्कनेशने तेव्हा डोळे पुसले आणि हो म्हटलं. ग्वेजनने मात्र बरेच दिवस हो म्हटलं नव्हतं. "आफ्रिकेतली सून? जिन्यातल्या शेजारणींना काय सांगू मी?" असं ती म्हणाल्याचं वोर्कनेशच्या कानावर आलं होतं. असल्या गोष्टी कानावर येतातच.

म्हणून बाळंतपणासाठी ती आली तेव्हा "आमचं घर लहान आहे" असं ग्वेजनने आधीच कळवून ठेवलं होतं, आणि जावयाने शरमत शरमत तिची सोय गल्लीच्या टोकाच्या लॉजमध्ये केली होती. पुढे मेक्लितला ताप चढला, रात्री कोणीतरी जवळ हवं होतं, तेव्हा वोर्कनेश आपली बॅग उचलून सरळ लेकीच्या खोलीत येऊन झोपली. दुसऱ्या दिवशी ग्वेजनने जमिनीवरच्या गादीखाली आणखी एक गादी आणून घातली, एवढंच.

बोलणं व्हायचं ते लेकीच्या मध्यस्थीने, नाहीतर फोनमधल्या भाषांतरातून. आज लेक बिछान्यात होती, तेव्हा सगळी मदार फोनवर.

"आई, घाबरू नकोस," मेक्लित म्हणाली. तिचे ओठ सुकले होते. "अडलं तर मला फोन लावा. मी जागीच आहे."

"तू झोप," वोर्कनेश म्हणाली. "तू झोपलीस तर मला निम्मा धीर येईल."

खरं तर तिला कसलाच धीर नव्हता. मुदत उलटून राहिलं तर दंड होतो, पुन्हा येऊ देत नाहीत, असं विमानात शेजारी बसलेल्या एका व्यापाऱ्याने तिला सांगितलं होतं. नातीला अजून तिने हातात घेतलं नव्हतं. काचेतून पाहिलं होतं, तेही परिचारिकेने दया येऊन पडदा सरकवला तेव्हा. मुठीएवढं तोंड. ते तसंच सोडून परत जायचं?

व्हिसाच्या कचेरीत उभं राहायला जागा नव्हती. सुट्टीच्या आधीचा दिवस, त्यामुळे अर्ध्या जगातली माणसं तिथे जमली होती. कोणी विद्यार्थी, कोणी धरणावरचे इंजिनियर, एक गोरा म्हातारा गुडघ्यावर कागद ठेवून काहीतरी खोडत होता. भिंतींवर लाल झेंडे लागले होते. ग्वेजनने टोकन घेतलं आणि गर्दीतून वाट काढायला लागली.

"सरका, सरका! दारात उभे राहू नका, आत जागा आहे!"

चाळीसएक वर्षांची सवय होती ती. ग्वेजन शहराच्या बसमध्ये कंडक्टर होती. बसमध्ये तिकीट देणारी माणसं राहिली नाहीत तेव्हा निवृत्त झाली, आवाज मात्र निवृत्त झाला नव्हता.

नंबर लागला. खिडकीपलीकडे गणवेशातली एक मुलगी होती, केस घट्ट बांधलेले, चेहरा दमलेला पण आवाज मऊ.

"मावशी, मुदतवाढ ना? ही कामं आठवडाभर आधी करायची असतात."

"बाळ पण महिनाभर नंतर यायचं होतं, पोरी. त्याने कुठे ऐकलं?"

मुलगी हसली. दवाखान्याचे कागद तिने नीट वाचले, आत जाऊन साहेबांना दाखवून आली. "उशीर झालाय, पण कारण खरं आहे. घेतो आम्ही अर्ज." मग तिने संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं. "या तुमच्या कोण?"

"छिंगच्या!" ग्वेजन म्हणाली.

वोर्कनेशच्या हातातल्या फोनने तो शब्द ऐकला आणि तिच्या भाषेत लिहून दाखवला: 'जवळचं घर'. तिला काही कळेना. आपण व्हिसा मागतोय आणि ही घर का सांगतेय? तिकडे विहिणीलाच 'छिंगच्या' म्हणतात हे तिला कसं कळावं!

"नोंद तर लॉजवर राहत असल्याची दिसतेय," मुलगी म्हणाली. "अजून तिथेच आहेत ना?"

मागे रांगेतल्या दोन बायका ऐकत होत्या. एकीने दुसरीकडे पाहिलं. विहिणीला लॉजमध्ये ठेवलंय! ग्वेजनच्या मानेपर्यंत रक्त चढलं.

"लॉजमध्ये कशाला राहतील?" तिचा आवाज हॉलच्या दुसऱ्या टोकाला पोचला. "माझं घर काय वाहून गेलंय नदीत? माझ्या घरी राहतात! माझ्या सुनेच्या खोलीत, दोन गाद्यांवर!"

मुलीचे हात थांबले. "कधीपासून?"

"ताप आला तेव्हापासून."

"मग तुमच्या वस्तीतल्या पोलीस चौकीत नोंद केलीत का? परदेशी पाहुणा घरी राहायला आला की दुसऱ्या दिवसाच्या आत कळवावं लागतं, मावशी."

वोर्कनेशने फोनवर 'पोलीस' हा शब्द वाचला आणि ग्वेजनची बाही पकडली.

"नोंदीचा कागद आणल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही," मुलगी म्हणाली. "चौकीत जा, खरं ते सांगा आणि कागद घेऊन या. पाचला आमची खिडकी बंद होते. आल्यावर टोकन नका घेऊ, सरळ माझ्याकडे या."

बाहेर पायऱ्यांवर ग्वेजन थांबली. तिने कपाळावर हात मारून घेतला. "शोभा झाली! फुशारकी मारायला गेले आणि आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला." फोनने ते 'पायावर दगड पडला' असं भाषांतरित केलं आणि वोर्कनेशने घाबरून खाली तिच्या चपलेकडे पाहिलं. ग्वेजनने तिची ती नजर पाहिली आणि एवढ्या धांदलीतही खुदकन हसली. मग तिचा दंड धरून बसथांब्याकडे ओढायला लागली.

बसमध्ये दोघी उभ्याच होत्या. गर्दीमुळे फोन काढता येईना. वोर्कनेश खिडकीबाहेर वाहणारी मातकट नदी पाहत राहिली आणि मनातल्या मनात मारिया मातेला नवस बोलत राहिली. शेवटी काय होणार हे तिने ठरवूनच टाकलं होतं. ही बाई चौकीत सांगणार, की ही आपल्या मनानेच आली, मी बोलावलं नव्हतं. खोटंही नव्हतं ते. बॅग उचलून आपणच तर गेलो होतो.

चौकी लहानशीच होती, वाण्याच्या दुकानाला लागून. आत एक टक्कल पडलेला हवालदार दुपारचं जेवण उरकत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं, जेवणाच्या काड्या बाजूला ठेवल्या आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"काकू, हा नियमभंग आहे. तुमच्याकडे आमचे पोलीस घरोघरी फिरून सांगून गेले होते की नाही? जिन्यात कागद चिकटवलाय."

"चिकटवलाय. वाचलाय पण."

"मग?"

ग्वेजनने पिशवीतून दवाखान्याचे कागद काढून त्याच्यापुढे ठेवले. हवालदाराने वोर्कनेशकडे पाहिलं आणि जरा मऊ आवाजात वाट काढून दिली. "पाहुण्यांनी तुम्हाला सांगितलंच नसेल, अचानक येऊन राहिल्या असतील. तसं असेल तर तसं लिहू. मग समज त्यांना द्यावी लागेल, तुम्हाला नाही."

वोर्कनेशने फोन वर धरला होता. ती ओळ तिने वाचली. आता ही हो म्हणणार, असं मनाशी म्हणून तिने डोळे मिटले.

"नाही हो," ग्वेजन म्हणाली. "त्यांना काय माहीत इथले नियम? त्यांना तर दुकानातलं मीठ आणि साखर ओळखू येत नाही. घर माझं, किल्ली माझी. घरात माणूस आलं तर कळवायचं घरच्या बाईने. चूक माझी आहे, माझ्या नावावर लिहा."

"विचार करा. तुमच्या नावावर समज लागेल. आयुष्यात कधी चौकीत आला नसाल."

"नाही आले. चोर पकडून दिले बसमध्ये, तेव्हा पण दारातच सोडून गेले होते." तिने खुर्ची ओढली. "आणा कागद. आणि जेवण गार होतंय तुमचं, खाता खाता सांगा काय लिहायचं ते."

फोनवर अक्षरं उमटत होती. भाषांतर वेडंवाकडंच होतं, मीठ आणि साखर कुठून आले ते वोर्कनेशला कळलं नाही. पण 'चूक माझी' एवढं स्वच्छ उमटलं होतं. ती विहीण, जिच्या घरात आपण चोरपावलांनी वावरत होतो, ती चष्मा नाकावर घेऊन, जीभ दातांत धरून, शाळेतल्या पोरीसारखी अक्षर न् अक्षर कोरून कबुलीजबाब लिहीत होती. वोर्कनेशला काय करावं सुचेना. तिने आपल्या खांद्यावरच्या पांढऱ्या नेटेलाच्या, तिच्याकडच्या पातळ सुती शालीच्या, टोकाने हवालदाराचा टेबलावर सांडलेला चहा पुसला, ग्वेजनच्या कागदाला लागू नये म्हणून.

हवालदाराने तोंडी समज दिली, दंड केला नाही, आणि नोंदीचा छापील कागद हातात ठेवला. "बाळ बरं आहे ना आता?"

"दूध पचतंय," ग्वेजन म्हणाली. "नाक मात्र आमच्याकडचं नाही, देवाची कृपा."

परतीच्या बसमध्ये दोघी धापा टाकत चढल्या. कचेरीत झाडणारा माणूस खुर्च्या भिंतीला लावत होता, पण ती मुलगी खिडकीत बसून होती. तिने कागद पाहिला, शिक्के मारले, वोर्कनेशचा फोटो काढला. पासपोर्ट ठेवून घेतला आणि बदल्यात एक पावती दिली.

"पासपोर्ट नाही दिला परत?" वोर्कनेशने मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं.

"ही पावती असेपर्यंत तुम्ही इथे कायदेशीरच आहात, काकू," मुलगीही तशाच इंग्रजीत म्हणाली. "सुट्टी झाली की पासपोर्ट न्यायला या. अर्ज मंजूर व्हायला काही अडचण दिसत नाही. जा, नातीला भेटा."

वोर्कनेशचा जीव भांड्यात पडला. तो इतक्या जोरात पडला की ती तिथेच बाकावर बसली आणि रडायला लागली. ग्वेजनने आजूबाजूला पाहिलं, कोणी बघतंय का म्हणून, आणि मग बघू देत म्हणून तिच्याशेजारी बसली. पाठीवर थोपटायला लागली, बाळाला थोपटतात तशी, जरा जास्तच जोराने.

"रडा, रडा. रडायला व्हिसा लागत नाही."

बाहेर आल्यावर दोघींच्या लक्षात आलं की सकाळपासून पोटात काही नाही. कोपऱ्यावर एक बाई मुळ्याचं सारण भरलेल्या करंज्या तळत होती. ग्वेजनने चार घेतल्या, वर लाल चटणी ओतून घेतली. वोर्कनेशने पहिला घास घेतला आणि ती थबकली. या देशात आल्यापासून पहिल्यांदा काहीतरी तिच्या घरच्या जाळाइतकं तिखट होतं.

"अजून चटणी," ती बोटाने दाखवत म्हणाली.

विकणारीने ग्वेजनला विचारलं, "सोसेल का परदेशी बाईला?"

"ओत गं! आमच्या विहीणबाई आहेत."

घरी पोचल्या तेव्हा मेक्लित उशाला टेकून बसली होती. ताप उतरला होता. आईच्या हातातली पावती तिने घेतली, वाचली, आणि दोघींच्या लाल झालेल्या ओठांकडे बघून विचारलं, "तुम्ही व्हिसाला गेला होतात की जेवायला?"

सुट्टीच्या मधल्या एका दिवशी बाळ घरी आलं. काचेच्या पेटीबाहेर ते आणखीच लहान दिसत होतं. दवाखान्यात परिचारिकेने ते आधी ग्वेजनच्या हातात दिलं, कारण सह्या तिच्या होत्या. ग्वेजनने दुपटं सारखं केलं, क्षणभर त्या तोंडाकडे पाहिलं आणि बाळ वोर्कनेशच्या हातात ठेवलं.

पुढच्या आठवड्यात पासपोर्ट आला. सगळी थंडी सरेपर्यंतची मुदत मिळाली होती. ग्वेजनने चष्मा लावून तारीख वाचली, बोटांवर महिने मोजले आणि मग सुनेकडे बघून म्हणाली, "म्हणजे आमचं नवीन वर्ष यांना इथेच काढावं लागणार. तुझ्या आईला विचार, खाटेवर झोपायचंय की खाली? मी हॉलमधली खाट आत सरकवणार आहे, नंतर कुरकुर नको."

मेक्लितने विचारलं. वोर्कनेश बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर काढत होती.

"सांग तिला," ती म्हणाली, "खिडकीशी लाव म्हणावं. पोरीला ऊन मिळेल."