भट्टीमागचे चिनी गुलाब

डॉक्टरांनी "आता आराम करा" म्हटलं, तेव्हा भट्टीमावशीनं त्यांच्याकडे असं काही बघितलं की त्या बिचाऱ्यांनी चष्मा काढून उगाचच पुसला. पिठाची धूळ छातीत बसली होती. बेकरीत पाऊल टाकायचं नाही, पोत्यांजवळ फिरकायचं नाही. जिनं उभा जन्म पाव भाजण्यात घालवला, जिच्या हाताखालची पोरं आता स्वतःच्या बेकऱ्या थाटून बसलीत, तिला म्हणे आराम करा! घाला चुलीत तो आराम.

बेकरी लेक आणि जावई बघायचे. चांगली बघायचे, त्यात खोट काढायला जागा नव्हती, आणि मावशीला नेमकं तेच खुपायचं. तिच्या वाट्याला उरलं काय, तर बेकरीमागचं अंगण. अंगण आपलं म्हणायचं. मुरूम, खडी, विटांचे तुकडे, आणि ऊन असं की मांजरसुद्धा भिंतीच्या कडेकडेनं जायचं. पण मावशी स्टूल टाकून तिथे बसायची. तिथे भट्टीची ऊब यायची, कामाचा आवाज यायचा.

एक दिवस जावईबापूंनी ते अंगण टेप लावून मोजलं.

"आई, इथे सिमेंट करून घेतो. गाडी मागेच लावता येईल, माल चढवायला सोपं. तुम्ही वरच्या खोलीत निवांत बसा."

वाईट नव्हता हो माणूस. सरळमार्गी, कष्टाळू. फक्त मोकळी जागा दिसली की त्याला तिथे गाडी उभी दिसायची. पण वरची खोली म्हटल्यावर मावशीनं बसल्या जागी स्टूल दोन्ही हातांनी घट्ट धरलं. एकदा वर नेऊन बसवलं की माणूस शोकेसमधल्या बाहुलीसारखं होतं, धूळ पुसण्यापुरतं.

"सिमेंट-बिमेंट काही नाही. इथे मी बाग करणार."

"या दगडांत?"

"या दगडांत! उन्हाळा सरेपर्यंत थांबा. तोवर फुललं नाही, तर खुशाल करा सिमेंट. मी चकार शब्द काढणार नाही."

दारात उभ्या लेकीचे डोळे मोठे झाले. आपली आई चकार शब्द काढणार नाही, ही गोष्ट तिनं जन्मात ऐकली नव्हती. जावईबापू हसून कबूल झाले.

रोपवाटिकेतल्या बाई बोलायला भलत्याच कंजूष. दगड, ऊन, कोरडी जमीन, सगळं ऐकून घेतलं आणि जमिनीलगत पसरणाऱ्या, जाड बारीक पानांच्या फांद्या पिशवीत भरून दिल्या. "चिनी गुलाब. ऑफिसटाइमची फुलं म्हणतात बघा. ऊन चढल्याशिवाय उघडत नाहीत." मावशी निघाली, तेव्हा मागून म्हणाल्या, "लाड करू नका."

लाड करू नका, हे सांगायचं कुणाला? तर मावशीला! तिनं मैद्याची जुनी चाळण काढली आणि अख्खं अंगण चाळलं. खोटं नाही सांगत, अख्खं. खडा म्हणून शिल्लक ठेवला नाही. सगळे दगड भिंतीशी ढीग लावून टाकले. मऊसूत मातीत शेणखत घातलं, पाणी घालून ती मळली, फांद्या खोचल्या आणि वर ओलं फडकं पसरलं, पिठाचा गोळा फुगायला ठेवतात ना, तस्सं. मग सकाळ-संध्याकाळ फडकं उचलायचं, बोटानं माती दाबून बघायची, एखादी फांदी उपटून मूळ धरलंय का बघायचं, परत खोचायची, वर तांब्याभर पाणी.

व्हायचं तेच झालं. फांद्या काळ्या पडल्या, बुळबुळीत झाल्या आणि मातीला चिकटून बसल्या. जावईबापूंनी एकदा वाकून बघितलं आणि पाव गाडीत भरायला निघून गेले. बोलले असते तर बरं, भांडता तरी आलं असतं. दुसऱ्या दिवशी गवंडी येऊन जागा बघून गेला.

मावशीनं तो सडका चिखल मुठी भरभरून भिंतीशी भिरकावला आणि कुणी न सांगता वरच्या खोलीत जाऊन बसली. रडली. भट्टीमावशी रडली, हे गल्लीत कुणाला सांगू नका.

बरेच दिवस तिनं खिडकीसुद्धा उघडली नाही. मग एका भर दुपारी उकाडा सहन होईना म्हणून उघडली, तर खाली दगडांच्या ढिगात काहीतरी गुलाबी. कागद असेल म्हटलं. पण कागद इतका कशाला हसेल? मावशी गुडघे विसरून जिना उतरली. फेकलेल्या चिखलातली एक फांदी दोन दगडांच्या फटीत अडकली होती. ना खत, ना थेंबभर पाणी, वरून आग. आणि बाई चांगली बाळसं धरून, फूल मिरवत बसलेली!

"अगं ए, बाहेर ये!" तिनं लेकीला हाक मारली. "मी हिला पाव समजत होते गं, ही तर टोस्ट निघाली! हिला ओलं चालतच नाही, कडकडीत कोरडं लागतं!"

लेक कपाळाला हात लावून हसत सुटली. तिच्या हसण्यात सामील व्हायला मावशीला थोडा वेळ लागला, पण झाली.

मग वरात निघाली उलटी. महिनाभर मर मर मरून वेचलेले दगड टोपलीनं परत अंगणात. जावईबापूंनी विचारलं, "आई, हे तुम्हीच काढले होते ना?"

"हो, मीच. चुकलं माझं, म्हणून मीच घालतेय. हसायचं तर हसून घ्या."

रोपवाटिकेतून आणखी फांद्या आणल्या. कणकेचे गोळे कापायच्या पत्र्यानं मावशीनं त्यांचे तुकडे केले, सावलीत सुकू दिले आणि दगडांच्या फटीफटीत बसवले. तिची बोटं पुन्हा पूर्वीसारखी चालत होती. आता फक्त थांबायचं होतं, आणि सगळी गोम तिथेच होती. दुसऱ्याच सकाळी मावशी उकिडवी बसून एका फांदीला हात घालणार, तेवढ्यात बेकरीच्या खिडकीतून लेक ओरडली, "आई! भट्टीचं दार!"

मावशीचा हात चटका बसल्यासारखा मागे आला. भट्टीचं दार मध्येच उघडलं की पाव बसतो. डोकावणाऱ्या प्रत्येक पोराच्या हातावर मावशीनं जन्मभर उलथनं हाणलं होतं, या लेकीच्याही. आता पाळी तिची. ती स्टुलावर दोन्ही हात काखेत घालून बसायची. बोटं शिवशिवायची, जीव वरखाली व्हायचा, पण बसायची.

फांद्या सरकल्या. दगडांवरून, दगडांखालून, एकमेकींच्या अंगावरून. कळ्या आल्या. दुपारी थोडी थोडी फुलं उघडू लागली, पण जावईबापू पहाटे पाव घेऊन बाहेर पडायचे ते तिन्हीसांजेला परतायचे. त्यांना दिसायच्या त्या मिटलेल्या कळ्याच. मावशीनंही सांगितलं नाही. सांगून काय, बघू देत की स्वतःच्या डोळ्यांनी.

उन्हाळा सरला आणि ठरल्याप्रमाणे सकाळीच खडीचा ट्रक मागच्या फाटकाशी येऊन घुरघुरू लागला. नेमकं त्याच दिवशी आभाळ आलेलं! अंगणभर हिरवी चटई होती, पण एक फूल उघडं असेल तर शपथ.

"हिरवं झालंय खरं, आई," जावईबापू हळूच म्हणाले. त्यांनाही जड जात होतं. "पण ठरलं होतं फुललं तर."

मावशीनं स्टूल उचललं, ट्रकच्या मागच्या चाकांसमोर फाटकात ठेवलं आणि वर बसली.

"ऊन येऊ दे. तोवर दार उघडायचं नाही."

ड्रायव्हर कुरकुरला, जावईबापू घड्याळाकडे बघत राहिले. मावशीनं मान वर करून आभाळ न्याहाळलं. नाहीच आलं ऊन तर? वर ती खोली वाट बघत होती. तिनं हात काखेत आणखी घट्ट दाबले.

आणि ढग फाटला. ऊन भिंतीवरून उतरलं, कडेच्या दगडांवर आलं, आणि पहिली कळी सुटली. मग तिच्या शेजारची. मग कोण आधी, कोण नंतर, काही कळेचना. गुलाबी, पिवळी, केशरी, पांढरी, लाल! खडा दिसेना इतकी फुलं.

"आईशप्पथ!" असं ट्रकचा ड्रायव्हर म्हणाला.

पावासाठी रांगेत उभी असलेली गिऱ्हाईकं बेकरीतून घुसून मागे आली. त्यांच्यामागून कारागीर आले, पिठाचे हात तसेच घेऊन लेक आली. तिनं आईला मिठीच मारली असती, पण पीठ आठवून थबकली आणि लांबूनच रडत हसत राहिली. जावईबापू खाली बसले. एका फुलाकडे बोट नेलं, मावशीकडे बघितलं आणि बोट मागे घेतलं.

"ट्रक न्या परत," ते ड्रायव्हरला म्हणाले. "गाडी आपली रस्त्यावर बरी आहे. आई, जिंकलात तुम्ही."

"जिंकलेच मुळी!" मावशी म्हणाली. डोळे भरून आले होते, पुसायची तिला गरज वाटली नाही. आणि तेवढ्यात तिचं नाक उचललं गेलं. बेकरीतून काळपट धूर येत होता. सगळी दुनिया इथे फुलं बघत उभी, आणि भट्टीपाशी चिटपाखरू नाही.

आत पाऊल टाकायला बंदी होती, पण आवाजाला कुठे होती? भट्टीमावशी स्टुलावर उभी राहिली आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, "अरे, बघत काय बसलात मेल्यांनो, आता उघडा ना ते दार!"