सरूबाई जेवली का?

"नवस बोलताना जीभ आवरून बोल, रेजिन. सांत शब्दाला शब्द धरून ऐकतात. मागाहून 'मला तसं न्हाय म्हणायचं होतं' केलेलं त्यांना चालत न्हाय."

रेजिनच्या आईने हे तिला लग्नाआधी सांगितलं होतं, पापड लाटता लाटता. रेजिनला ते आठवलं खरं, पण नवस बोलून झाल्यावर.

झालं असं. त्र्याहत्तर सालचा मार्च. तिचा नवरा मनवेल काशीमीऱ्याच्या नाक्यावर एका गॅरेजात वेल्डिंग करायचा. लग्नाला जेमतेम चार महिने झालेले. पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, सणाआधीचा चाळीस दिवसांचा उपासकाळ लागायच्या आधीच्या शनिवारी ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा घासताना लोखंडाचा कण उडाला आणि थेट त्याच्या उजव्या डोळ्यात गेला. ठाण्याच्या डॉक्टरांनी कण काढला, पट्टी बांधली आणि म्हणाले, "डोळा राहील की जाईल, ते सणापर्यंत कळेल."

उपासकाळाच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, मिस्साची प्रार्थना संपल्यावर रेजिन संत लुसियाच्या मूर्तीपुढे गुडघे टेकून बसली. डोळ्यांचं दुखणं या सांतिणीच्या पदरात घालायचं, ही त्यांच्यातली रीत. देवळात शिरताना पायरीवर बसलेल्या एका म्हातारीला तिने केळं दिलं होतं आणि नाव विचारलं होतं. ते नाव अजून जिभेवरच होतं.

"माझ्या मनवेलचा डोळा वाचव," ती म्हणाली. "पास्काच्या सणापर्यंत रोज ती सरूबाई जेवल्याशिवाय मी तोंडात घास घालणार न्हाय."

फादरांनी हे मागाहून तिच्याच तोंडून ऐकलं आणि चष्मा काढून पुसला.

"'एखादा गरीब' म्हणाली असतीस, तर नाक्यावर पन्नास होते. नाव कशाला घेतलंस, मुली?"

"तोंडात आलं."

"मी तुला या नवसातून मोकळं करू शकतो. तेवढा अधिकार आहे मला."

"आणि डोळा?"

फादरांनी चष्मा परत लावला. डोळ्यावर त्यांचा अधिकार नव्हता.

तेव्हा रेजिन सरूबाईला शोधत निघाली. म्हातारी माणदेशातली. पावसाने पाठ फिरवली तेव्हा गावची माणसं मिळेल त्या ट्रकात बसून निघाली, त्यांतली ही एक. काशीमीऱ्याला ट्रक थांबला, ही पाणी प्यायला उतरली, ट्रक निघून गेला. तेव्हापासून नाक्यावरच होती. रोज जेवायला ये म्हटल्यावर ती आधी दोन पावलं मागे सरली.

"काम काय करून घेनार?"

"काही न्हाय. नुसतं जेवायचं."

"आन तुला काय मिळनार?"

रेजिनने सगळं सांगितलं. सरूबाईने तिला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"म्हंजी मी न्हाई आले तर तू उपाशी?"

"हो."

"आन तुजा घरवाला?"

"तो जेवेल. त्याचं नाव न्हाय घेतलं नवसात."

"तुला आवरायला जवळ कुनी नव्हतं व्हय गं तवा?" सरूबाई म्हणाली. पण आली.

पहिल्या आठवड्यात ती अकराच्या ठोक्याला दारात हजर असायची. दुसऱ्या आठवड्यात बारा वाजू लागले. मग कधी दीड, कधी दोन. कुणा ड्रायव्हरशी तंबाखूवरून बोलत बसायची, कुणाचं तान्हं मूल मांडीवर घ्यायची. इकडे रेजिन उंबऱ्यात बसून, पोटात कावळे ओरडताहेत, आणि रस्त्याकडे डोळे. शेजारच्या बाया विचारायच्या, "काय गं, आली का तुझी सासू?" मनवेलला कामावर जायची बंदी होती, त्यामुळे एका डोळ्याने पहारा करायचं काम त्याच्याकडे.

"लाल लुगडं दिसतंय बघ," तो सांगायचा. "न्हाय, न्हाय. ट्रकच्या मागचं फडकं हाय."

आल्यावर सरूबाई ऐसपैस बसून जेवायची. वर शेरे. "आज कालवनात चिंच कमी हाय." "कालच्यापरीस बरं हाय." पडवळाच्या भाजीकडे तिने नुसतं बघितलं, तरी रेजिनला कळलं. स्वतःच्या सासूचं तोंड न बघितलेली पोर, पण अशा रीतीने तीही हौस भागली.

एके दिवशी ती आली वेळेवर, पण दारातच उभी राहिली.

"आज मी जेवत न्हाई. एकादस हाय."

रेजिन भिंतीला टेकली. "रस्त्यावर राहून एकादशी करता?"

"रस्त्यावर ऱ्हाते म्हनून देवाला सोडू? तुजा पन उपास चाललाय की. मी म्हनले का, घरात बसून कशापायी करतीस?"

रेजिनने टोपलीत काय आहे ते चाळून पाहिलं. मग तिने विचारलं, "रताळं चालेल?"

"चालतं."

"मग रताळं खाल्लं म्हणजे जेवण झालं, असं धरायचं का?"

कोपऱ्यातून मनवेल म्हणाला, "फादरांना विचारून येऊ?"

"गप बस तू," दोघी एकदमच म्हणाल्या.

शेवटी सरूबाईने निकाल दिला. एकादशीला रताळं हेच जेवण, तिच्या देवाला ते चालतं, सांतीणबाईला काय ते रेजिनने सांगावं. दोघींनी एकेक उकडलेलं रताळं खाल्लं. रेजिनला ते इतकं गोड लागलं की आपण उपास केला की सण, हे तिला कळेना.

झावळ्यांचा रविवार आला. सण आठवड्यावर, आणि मनवेलची पट्टीही गुरुवारी निघायची. रेजिन एकेक दिवस जपून घालवत होती. अशात मंगळवारी सरूबाई आलीच नाही. बारा वाजले, दोन वाजले, तीन वाजले. रेजिनच्या डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. चार दिवसांसाठी नवस मोडतो की काय, या भीतीने तिने डबा भरला आणि नाका गाठला.

नाक्यापलीकडच्या एका बंद गोदामाच्या वळचणीला, पोती अंथरून सरूबाई तापाने फणफणून पडली होती. शेजारी एक पाय नसलेला माणूस तिच्या कपाळावर ओलं फडकं ठेवत होता. हा महिपत. पूर्वी ट्रकवर क्लीनर होता, पेणकडचा. पलीकडे शेवंती नावाची बाई, तिच्या दोन लहान मुली.

महिपतने रेजिनच्या हातातल्या डब्याकडे पाहिलं. "तू रेजिन ना? सुक्या बोंबलाला कैरी घालतेस ती?"

"तुम्हाला कसं माहीत?"

"ही रोज येऊन सांगते. काय होतं, किती वाढलं, लागलं कसं. आम्ही बसून ऐकतो. या पोरी तर पुन्हा पुन्हा सांगायला लावतात, अगदी कैरी चिरल्यापासून."

"पडवळाचं तेवढं नको म्हणतात," शेवंती हसून म्हणाली.

महिनाभर ती एका ताटाकडे बघत होती. या माणसांना तिच्या स्वयंपाकाची गोष्ट मिळत होती, जेवण नव्हतं. तिने सरूबाईकडे पाहिलं.

"माज्याकडं काय बघतीस?" सरूबाई म्हणाली. "नाव तू माजं घेतलंस. ह्यांचं घे म्हनून मी सांगनार व्हते व्हय?"

रेजिनने डबा उघडला. पेज होती आणि बोंबील. सरूबाईला वासही नको होता, तरी ती कोपरावर उठली, दोन घास कसेबसे गिळले आणि पुन्हा आडवी झाली.

"झालं माजं जेवन. आता तू खा. तोंड बघ कसं सुकलंय."

रेजिनचा नवस त्या दोन घासांनी टिकला. पण चार जणांच्या नजरेसमोर एकटीने खाणं तिला जमेना. डब्यात होतं ते सगळ्यांत थोडं थोडं वाटलं गेलं. धाकटीने बोंबील चघळून बघितला आणि म्हणाली, "सरूआजी सांगते त्यापेक्षा तिखट हाय."

निघताना सरूबाईने विचारलं, "नवस कवा फिटतो तुजा?"

"रविवारी."

"मंग सोमवारी?"

तिने ते सहज विचारलं, ट्रकवाल्याला पुढचा मुक्काम कुठे असं विचारावं तसं. रेजिन डबा पुसत राहिली. मग म्हणाली, "सोमवारी येईन मी. सगळ्यांचं घेऊन."

"हे सांतीणबाईला सांगू नगंस. आमाला सांग. न्हाई आलीस तर आमी तोंडावर इचारू."

"तुम्हालाच सांगते."

गुरुवारी ठाण्याला पट्टी निघाली. डॉक्टरांनी मनवेलच्या उजव्या डोळ्यापुढे बोटं धरली. बोटं हलताहेत हे त्याला दिसलं. किती, ते सांगता येईना. डोळा राहिला होता, पण डॉक्टर म्हणाले, वेल्डिंग आता विसरा. परतताना मनवेल बसच्या खिडकीबाहेर बघत बसला. रेजिन देवळात गेली, गुडघे टेकले. तक्रार तिने केली नाही. डोळा वाचव एवढंच ती बोलली होती, धंद्याचं तिने काही म्हटलं नव्हतं.

सणाला सरूबाई बरी होऊन आली. मैद्याचे तळलेले फुगे आणि कोंबडीचं कालवण जेवून तिने हात धुतले, रेजिनच्या डोक्यावर ओला हात ठेवला आणि म्हणाली, "फिटला गं." मग रेजिन जेवली.

सोमवारी सकाळी मनवेल उठला तेव्हा चुलीवर घरातला सगळ्यात मोठा टोप चढलेला होता. लग्नात आलेला, अजून एकदाही न वापरलेला. भात, त्यावर डाळ, बाजूला बोंबलाचं कालवण, कैरी घालून.

"नवस तर काल फिटला," तो म्हणाला.

"हो."

"मग हे एवढं?"

"सांगून आलेय त्यांना."

नव्या कामाचं विचारायला तो आज गॅरेजवाल्या शेठकडे जाणार होता. ते दुपारी बघू म्हणाला आणि पायांत चपला सरकवल्या. रेजिनने कालवणाचा डबा काखेत धरला आणि टोपाच्या तोंडावर स्वच्छ फडकं बांधलं. टोपाला दोन कड्या होत्या. एक तिने धरली, दुसरी त्याने.

रस्त्याला लागल्यावर तो थांबला. "उजव्या अंगाचं मला नीट दिसत न्हाय. तू त्या बाजूला ये."

दोघांनी टोप खाली ठेवला, जागा बदलल्या, पुन्हा उचलला. एक ट्रक धूळ उडवत गेला. तो जाईपर्यंत रेजिनने वाट बघितली आणि मग नाक्याकडे पाऊल टाकलं.