तिसऱ्या मजल्यावरची देवराई

आमची देवराई मार्चपासून युरोपातल्या एका शहरात, तिसऱ्या मजल्यावर, खोली क्रमांक तीनशे बारामध्ये आहे. जायला त्रास नाही. आंबेखोलची शेवटची घरं संपली की पूर्वी जिथून रान सुरू व्हायचं, तिथून आता जिना सुरू होतो. अठ्ठेचाळीस पायऱ्या. चपला खाली काढायच्या, ते पहिल्यासारखंच. वर लांबलचक पॅसेज आहे, दोन्ही बाजूंना दारं, प्रत्येक दारावर एकेका देशाचं नाव. आपलं दार डावीकडे सातवं. सुरुवातीला आत दोनशे तेरा झाडं होती.

गावात जिथे ती होती तिथे नुसता लाल कातळ आहे आणि मधोमध सातविणीचं एकच झाड. पक्षी मात्र गेले नाहीत. पक्ष्यांची नोंद दुसऱ्या टप्प्यात होती. संध्याकाळी ते येतात आणि पूर्वी फांद्या होत्या त्या उंचीवर हवेत बसतात. पंख मिटून. खाली काही नाही.

हे माझ्यामुळे झालं, म्हणून मी लिहितोय.

आपला देश एका सामायिक यंत्रणेत सहभागी झाला. बरेच देश मिळून आपापली झाडं, किडे, शेवाळं एकाच ठिकाणी नोंदवतात, म्हणजे कुणालाही कुठूनही बघता येतात. सुरुवातीला प्रत्येक देशानं एक जागा द्यायची होती. आपल्याकडून आमची देवराई दिली गेली. का, ते मला माहीत नाही. मी बारावी नापास. झाडं माझी मीच शिकलो, फोटो काढून, जुनी पुस्तकं उलटून, नावं वहीत उतरवून. तरी नोंदीचं काम मला मिळालं, कारण रायीत शिरायचं तर गुरवाला सोबत घ्यावं लागतं, आणि गुरव माझे बाबा.

मोजणी दोन दिवस चालली. बाबा झाडाला हात लावून आकडा म्हणायचे, मी तो आकडा, झाडाचा फोटो आणि एखादा शेरा फोनमध्ये टाकायचो. आमच्याकडे भात मोजताना पहिल्या मापाला कुणी 'एक' म्हणत नाही. 'लाभ' म्हणायचं, मग दोन, मग तीन. बाबांनी सातविणीला हात लावला आणि म्हणाले, "लाभ." मी आकड्याच्या रकान्यात लाभ लिहिलं. पुढच्या झाडाला दोन. असं दोनशे चौदापर्यंत. मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. लहानपणापासून तेच ऐकलंय. मी पाठवून दिलं.

सकाळी दोनशे तेरा झाडं गेली होती. सातवीण राहिली, कारण तिला आकडा नव्हता.

शेजारचे भिकाजीकाका कातळाच्या कडेला कमरेवर हात ठेवून उभे होते.

"काय रे सुदेश, तिकडं जांभळं पिकली की पिशवीभर आण. का जांभळाला पण व्हिसा लागतो?"

"विचारतो काका."

"विचार. आणि देवाला थंडी वाजते का, ते पण बघ."

खोली रूता नावाच्या बाईंच्या ताब्यात आहे. उंच, पांढरे केस, खिशात पेन्सिली. शेऱ्याच्या रकान्यात मी जेवढी मराठी लिहिली होती तेवढीच त्यांना येते. मी पहिल्यांदा आत गेलो तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, "खोडाला कीड नाही."

मी म्हटलं, "नमस्कार."

खोलीत पांढऱ्या फरश्या आहेत. प्रत्येक फरशीवर आकडा, प्रत्येक आकड्यावर झाड. जांभूळ, कुंभा, हरडा, सगळे ओळखीचे. छत कुठे आहे ते दिसत नाही. वारा नाही, त्यामुळे सगळी पानं माझ्याकडे बघत असल्यासारखी गप्प. दाराजवळची एक नंबरची फरशी मोकळी होती.

"जागा रिकामी," रूताबाई म्हणाल्या.

"ते झाड गावात आहे."

"जागा रिकामी. वाढ खुंटलेली." त्यांनी पेन्सिलीनं समोरची भिंत दाखवली. भिंत एक फरशी आत आली होती. दोनशे चौदा नंबरचा कुंभा अर्धा भिंतीत होता. उरलेल्या अर्ध्याला पानं होती.

दाराच्या आतल्या बाजूला नियम लावलेत. तिथे आपली भाषा पण आहे. क्रमांक एक नसेल तर सहभाग सुरू झालेला नाही. सहभाग सुरू झालेला नसेल तर खोली नाही. मी ते दोनदा वाचलं.

"खोली नसली तर झाडं परत येतील का?"

त्यांनी जांभळाच्या बुंध्यावर हात ठेवला. "मुळं उघडी," त्या म्हणाल्या. हळू म्हणाल्या. त्यांना वाईट वाटत होतं, ते कळत होतं, पण त्यासाठीचा शब्द मी कुठेच लिहिला नव्हता.

मी रोज जायला लागलो. भिंत रोज एक फरशी आत. सहाव्या दिवशी दाराजवळच्या झाडांच्या फांद्या एकमेकांत घुसल्या. मी अंग चोरून उभा राहिलो. रूताबाई पण.

त्या दुपारी बाबा सातविणीखाली तंबाखू मळत बसले होते. मी समोर जाऊन बसलो.

"बाबा, सातविणीला एक म्हणू का?"

"म्हटलंस तर ती जाणार."

"जाणार."

"मग हितं काय राहील?"

"काही नाही."

"मग झालं तर. लाभ कुणी उचलून देतं का? सगळी रास गेली तरी लाभ घरात राहतो."

"सहा झाडं भिंतीत गेली बाबा."

त्यांनी मळलेली तंबाखू खाल्ली नाही. हातातच धरून बसले. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"तू मला विचारायचं होतंस," ते म्हणाले. "लाभ कसं लिहायचं, ते."

"विचारायचं असतं हे माहीतच नव्हतं."

"मला तरी कुठं माहीत होतं." मग म्हणाले, "त्या बाईला विचार, मी चालतो का. पहिल्या जागेवर मी पण होतो. झाडावर हात माझा होता."

मी विचारणार नव्हतो. खरं सांगतो, दोन दिवस विचारलं नाही. दोन दिवसांत हरडा गेला आणि त्याच्या शेजारचा बेहडा गेला. तिसऱ्या दिवशी विचारलं.

रूताबाईंनी मी पाठवलेला पहिला फोटो शोधून काढला. सातविणीचं खोड आणि खोडावर बाबांचा हात, मनगटापर्यंत. त्यांनी बराच वेळ तो हात बघितला.

"एक," त्या म्हणाल्या.

हा शब्द मी शेऱ्यात कधीच लिहिला नव्हता.

बाबांनी आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला, सातविणीची पूजा केली. भिकाजीकाका वाटेत उभेच होते.

"काय महादू, परदेशी?"

"व्हय. सातविणीला पाणी घाल रोज. मी येईस्तोवर."

"कधी येशील?"

"सुदेश सांगेल."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी चपला काढल्या.

बाबा बारा-बारा पायऱ्यांवर थांबले. पॅसेजमध्ये इतर देशांची दारं बंद होती. एका दाराखालून खारं पाणी येत होतं, एकातून चिखलाचा वास. प्रत्येक दारामागे, अगदी दाराजवळ, कुणीतरी म्हातारं माणूस खोकत होतं.

"बरेच जण आलेत की," बाबा म्हणाले.

ते एक नंबरच्या फरशीवर उभे राहिले. पायाची बोटं पसरून, शेतात उभे राहतात तसे. भिंत थांबली. थांबल्याचा आवाज आला नाही, पण पानं सैल झाली, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. जांभळाखाली एक जांभूळ पडलं.

"थंडी हाय जरा."

"स्वेटर आणतो बाबा."

"आण. तो निळा नको, टोचतो."

रूताबाईंनी माझ्या हातात कोरा तक्ता दिला. उंची, घेर, साल, शेरा. उंचीसाठी बाबा ताठ उभे राहिले. सालीच्या रकान्यात मी काही लिहिलं नाही, रूताबाईंनीही आग्रह केला नाही. त्या खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्या खोलीला खिडकी नाही.

घेर राहिला. झाडाचा घेर आम्ही छातीच्या उंचीवर घेतो. मी टेपचं टोक बाबांच्या छातीवर ठेवलं. त्यांनी ते अंगठ्यानं दाबून धरलं. मी टेप सोडत त्यांच्या मागे वळसा घालायला निघालो. सदऱ्याचा खिसा ओलांडला. बाही आली. बाहीची शिवण हाताला लागत राहिली, मी तिच्या कडेकडेनं चालत राहिलो. सदऱ्याचं कापड थंड होत गेलं, मग सालीसारखं खरखरीत. पंधरा मीटरवर टेप ताणली आणि थांबली. बाबांची पाठ अजून आली नव्हती.

"बाबा?"

"चाल तू," पलीकडून, बऱ्याच लांबून आवाज आला. "मी धरलंय."