नव्या नक्षीचा टायर

गोणपाटातून आधी टायर बाहेर आला, मागोमाग ट्यूब आली. दोन्ही गंगाच्या पुढ्यात ठेवून अनिल एवढंच म्हणाला, "ताई, बघा."

गंगाने हात पुसले. पुसण्यासारखं हाताला काही लागलेलं नव्हतं, पण अशा वेळी हातांना काहीतरी काम द्यावं लागतं.

हातखंब्याच्या तिठ्यावर पंक्चर काढणारी बाई म्हणून गंगाची थोडी प्रसिद्धी होती. दर आठ मार्चला पेपरवाले येत, तिच्या हातात टायर उचकटायची टामी देऊन फोटो काढत आणि गुलाबाचं फूल देऊन जात. नऊ मार्चला गिऱ्हाईक पुन्हा विचारी, "मालक कुठे गेले?" मालक सोळा वर्षांपूर्वी वर गेले होते; पण तेवढं सांगेपर्यंत पंक्चर निघालेलं असे.

एकोणीस दिवसांपूर्वी अनिलचा मुलगा ऋत्विक असाच येऊन थांबला होता. बावीस वर्षांचा पोर. पावस गावाहून निघालेला, लोट्याच्या कंपनीत नवा लागलेला, दुपारची शिफ्ट गाठायच्या घाईत. मोटारसायकलच्या पुढच्या चाकात खिळा होता. गंगाने ट्यूबला ठिगळ लावलं, टायर चढवला आणि त्याच्या कडेवरून बोट फिरवलं.

"बाळा, ह्या टायरला भेगा आहेत. बदल हा."

"काकी, नक्षी बघा की! नवाच आहे."

"नक्षी नको सांगू मला. साठाच्या वर जाऊ नको. जुना टायर हळू चालवलास तर नेईल. पळवलास की तापतो, नि फुटतो."

"येताना बदलतो," असं म्हणून तो हसला आणि गेला. संगमेश्वरच्या पुढे नवा चौपदरी रस्ता आहे. असा रस्ता मिळाल्यावर साठावर थांबायला माणूस निदान पन्नाशीचा तरी असावा लागतो. काटा शंभराच्या पुढे असताना पुढचा टायर फुटला, आणि पोर जागच्या जागी संपला.

तेव्हापासून गंगा रोज मनातल्या मनात ते ठिगळ पुन्हा लावत होती. ट्यूब नीट घासली होती ना? सोल्युशन वाळू दिलं होतं ना? घाईत होतं पोर. आपणही घाई केली का? शेजारच्या टपरीवरचा रामा चहा देताना रोज म्हणे, "गंगे, तुझा काय चुकला नाय." पण रामाला चहातली साखरही कधी नीट कळली नव्हती, तर त्याच्या शब्दावर किती विसंबायचं?

आता ट्यूब समोर होती. गंगाने ती हातावर घेतली, ठिगळ शोधलं, कडेला नख लावून ओढलं. ठिगळ हललं नाही. ट्यूब फाटली होती ती पार दुसऱ्या बाजूला, वीतभर. आणि तिथेच टायरची कड उसवली होती, आतल्या धाग्यांसकट. कडेवर टायर कधी बनला ते सांगणारे चार आकडे होते: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. साल होतं चौदा. अकरा वर्षांचा टायर.

गंगाला आनंद झाला. त्या बापासमोर बसून तिला आनंद झाला, आणि त्याची तिला लाजही वाटली. सांगायला तिने तोंड उघडलं, पण अनिल आधी बोलू लागला.

"गाडी मी चौदा साली घेतली. मी मुंबईला, गाडी पडवीत. गणपतीला नि शिमग्याला काढायची, बस. अजून चार हजार किलोमीटर पण नाय झाली. जाताना कव्हर घालून, टायरला खोबरेल चोळून जायचो मी. पोरगा फोनवर बोलला, 'पप्पा, टायर बदलूया.' मी बोललो, 'अरे, अजून रबराचे केस आहेत त्याच्यावर. नवा टायर कशाला बदलतोस, मेल्या...'"

तो थांबला. घराघरांत दिवसातून दहादा लाडाने म्हटला जाणारा शब्द.

"टायरचा काय दोष नव्हता ना, ताई?"

पलीकडे रामा ग्लास विसळायचा थांबला.

गंगाने ठिगळावर तळवा ठेवला.

"नाय दादा. टायर चांगलाच होता. माझा ठिगळ सुटला."

एकोणीस दिवस वाकलेला तो माणूस रागाने सरळ झाला. त्याने हात उगारला, मग त्या हाताचं काय करावं हे न कळून तो गोणपाटावर ठेवला.

"बाईमाणसाच्या हातात गाडी द्यायचीच नसते," तो म्हणाला. टायर गोणपाटात कोंबताना पुढे स्वतःशीच पुटपुटला, "मागचा तरी कामाला येईल. पुतण्याच्या गाडीला बसवतो."

"नको!" गंगा उठलीच. "मागचा पण त्या दिवशी मीच खोललेला. माझ्या हातचा काय पण कुणाच्या गाडीला ठेवू नका. दोन्ही कापून टाका."

"कापतोच. आणि गावभर सांगतो."

"सांगा."

अनिल एस.टी.कडे निघून गेला. रामा टपरी सोडून धावत आला.

"गंगे, खोटा बोललीस! मागचा तू खोललाच नव्हतास. आणि ठिगळ शाबूत होता, मी बघितला!"

"तू चहा बघ."

"धंदा बसेल गो तुझा!"

"रामा, त्याला आता पावसला जायचाय. दारात बायको बसली असेल. तिला काय सांगेल तो?"

रामाने बराच विचार केला. मग चहा आणला. त्यात साखर नव्हती.

अनिलने शब्द पाळला. चौथ्या दिवशी एक जण पंक्चर झालेली मोटारसायकल ढकलत आला. रामाने टपरीतून हाक मारली, "अहो, हे काय दुकान!" गिऱ्हाइकाने बोर्ड वाचला, गंगाकडे पाहिलं.

"हीच ना ती?" त्याने रामालाच विचारलं, आणि गाडी पुढे काढली. पुढचं दुकान चार किलोमीटरवर, तेही चढावाच्या पलीकडे. थोडं गेल्यावर तो दमून थांबला आणि गाडीवर टांग टाकू लागला.

"दादा!" गंगा रस्त्यावर येऊन ओरडली. "बसू नका तिच्यावर! ढकलतच न्या. हवा नसताना चालवलीत तर टायर आतून फाटेल, मग कधी फुटेल ते सांगता नाय येत!"

त्याने वळून पाहिलं नाही. पण गाडीवर बसलाही नाही.