नावं नकोत, फक्त शब्द

पत्र आलं तेव्हा नवीनला आनंदच झाला. सरकारने आपली दखल घेतली, असं त्याला वाटलं. त्याची कंपनी म्हणजे चेन्नईतल्या शोळिंगनल्लूरच्या एका इमारतीतला अर्धा मजला, अकरा माणसं आणि ‘नंडु’ नावाचं तमिळ सर्च इंजिन. नंडु म्हणजे खेकडा. वाळू उकरून हवं ते वर काढतो, म्हणून हे नाव.

पत्र पाठवणाऱ्या खात्याला ऑनलाइन जुगारावर नियम करायचे होते. त्यासाठी जूनच्या पहिल्या आठवड्यात चेन्नईतल्या लोकांनी नंडुवर जे जे शोधलं, ते सगळं त्यांना हवं होतं. जुगाराचंच नव्हे, सगळंच. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं: नावं नकोत, फक्त शब्द.

“नावं नाहीत म्हणजे प्रश्नच मिटला,” नवीन म्हणाला. “देऊन टाकू. मॅडम, दोनशे ओळी नमुन्याला काढल्यात, तुम्ही एकदा नजर टाका. कुणी फोन नंबर वगैरे लिहिला असेल तर खोडा.”

मॅडम म्हणजे त्रिपुरसुंदरी. आधी एका वकिलाच्या ऑफिसात पंधरा वर्षं कारकून होती, म्हणून कंपनीतली तक्रारींची आणि कायद्याची पत्रं तिच्याकडे. तिने चहा मागवला आणि वाचायला बसली.

पहिल्या शंभर ओळी मजेत गेल्या. कुणाला केस गळण्यावर उपाय हवा होता, कुणाला शेजारच्यांचा कुत्रा गप्प करायचा होता. एकीने नवऱ्याचं पूर्ण नाव टाकून पुढे विचारलं होतं, ‘याचं आधी लग्न झालं होतं का’. त्रिपुरसुंदरीने खोडायला पेन उचललं आणि तसंच धरून ठेवलं. नाव खोडलं तरी उरलेलं वाचून झालंच होतं.

मग काही विचित्र ओळी आल्या. अक्षरं तमिळ, पण शब्द तमिळ नव्हेत. तिने हळू आवाजात वाचून पाहिलं आणि कानाला मराठी लागली. तीही तिच्या घरची, तंजावरची जुनी मराठी.

‘अडसष्ट वर्षांचा माणूस लाटेवर उभा राहूं शकतो काय.’

‘कोवलम लाटेवर उभें राहण्याची शाळा.’

‘ओले कपडे घरीं न कळतां कसे वाळवावे.’

चहा निवून गेला. कोवलम म्हणजे केरळातलं नव्हे, चेन्नईजवळचं किनाऱ्यावरचं गाव. अंबत्तूरच्या घरी तिच्यासोबत राहणारे तिचे वडील, व्यासराज, पंपाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, वय वर्षं अडुसष्ट. फोनवर मराठी लिहायची ती तमिळ अक्षरांत, ही त्यांची सवय. आणि दर शनिवारी सकाळी ते गुंडोमामांकडे कॅरम खेळायला जात. निदान सांगत तरी तसंच.

तिला आधी हसू आलं, मग भीती वाटली, आणि मग लाज. कुणाच्या तरी कपाटात डोकावताना पकडलं जावं तशी.

ती उठून नवीनकडे गेली. “हे द्यायचं नाही.”

“का? नावं कुठे आहेत?”

“नाव नव्हतं तरी मी आत्ता एका माणसाला ओळखलं.”

“कोण?” नवीन पुढे सरसावला. “काय शोधत होता?”

“पाहिलंस? लगेच विचारलंस,” ती म्हणाली. “मी नाही सांगणार.”

नवीन थोडा ओशाळला. रात्रभर विचार करून त्याने दुसऱ्या दिवशी नकाराच्या पत्रावर सही केली. सगळ्या ओळी देता येणार नाहीत, मात्र जुगाराचे शब्द किती वेळा शोधले गेले, तो आकडा देऊ, असं त्यात लिहिलं होतं.

आठवड्याभरात खात्याचे रामस्वामी स्वतः आले. माणूस सभ्य होता, पण घामाघूम आणि वैतागलेला.

“आम्ही काय लोकांची लफडी वाचत बसणार आहोत?” त्यांनी विचारलं.

“मीही वाचत बसणार नव्हते, सर. वाचलं गेलं,” त्रिपुरसुंदरी म्हणाली. “जुगाराचे नियम करायला केस गळण्याची ओळ कशाला लागते?”

“सगळं असलं की बरं पडतं.”

“कुणाला?”

रामस्वामींनी पाण्याचा ग्लास संपवला. “प्रकरण कोर्टात जाऊ शकतं.”

“जाऊ,” ती म्हणाली. नवीनला जोराचा खोकला आला, पण तो नाही म्हणाला नाही.

तीन आठवडे खात्याकडून काहीच कळलं नाही. नवीन वकिलांच्या फीची चौकशी करत होता. मग दुसरं पत्र आलं. सोबत दिलेल्या चाळीस शब्दांचे आकडे कळवावेत, बाकी मागणी मागे घेण्यात येत आहे. कारण काही लिहिलं नव्हतं. नवीनने ऑफिसभर म्हैसूरपाक वाटला आणि एका पेपरात चार ओळींची बातमीही आली.

ती बातमी त्रिपुरसुंदरीच्या वडिलांनी, अप्पांनी, घरी वाचली.

“तुमच्या खेकड्याचें नांव आलें आहे,” ते म्हणाले. “लोकांचे शब्द तुम्ही कोणास देत नाहीं म्हणे. आणि तुम्ही? तुम्ही वाचतां काय?”

नाही म्हणणं सोपं होतं. “अप्पा, तुमच्या ओळी मी वाचल्या,” ती म्हणाली. “कामात समोर आल्या. तीनच. कोवलमच्या.”

अप्पांनी चष्मा काढला. “मज पुसायचें होतेंस.”

“तुम्ही मला का नाही सांगितलं?”

“स्टुलावर चढूं देत नाहींस तूं मज. लाटेवर चढूं दिलें असतेंस?”

“चुकलं माझं, अप्पा,” एवढंच ती म्हणाली.

अप्पा उठून आत गेले. चार दिवस ते फक्त मीठ, कुलूप आणि दूधवाला याच विषयांवर बोलले. तिनेही तो विषय काढला नाही. शुक्रवारी जेवताना मात्र ते ताटाकडे बघत म्हणाले, “उद्यां सहाची बस. यायचें तर ये.”

कोवलमच्या किनाऱ्यावर होड्यांच्या पलीकडे एक रुंद फळी घेऊन अप्पा पाण्यात शिरले. शिकवणारी मुलगी कॉलेजातली होती आणि त्यांना दरडावत होती. ते पडले. पुन्हा पडले. एकदा तर फळी एकीकडे आणि अप्पा दुसरीकडे निघाले, तेव्हा त्रिपुरसुंदरी चपला टाकून गुडघाभर पाण्यात धावली. मुलीने तिला हातानेच थांबवलं.

नंतर एका बुटक्या लाटेवर ते उभे राहिले. पाय फाकलेले, हात पसरलेले, तोंड उघडं. चार श्वासांपुरतेच, पण उभे.

परतीच्या बसमध्ये अप्पा तिला खिडकीची जागा देऊन स्वतः ओल्या पिशवीसकट कडेला बसले आणि बोलत सुटले. कोणती लाट सोडायची, कोणती धरायची, पहिल्या दिवशी किती घाबरलो, गुंडोमामांना खोटं बोलायला कसं तयार केलं. अंबत्तूर येईपर्यंत ते थांबले नाहीत, आणि तिला एकही प्रश्न विचारावा लागला नाही.